बोल्टखालचा काळा रंग

मोतीकाका गिऱ्हाइकाला कापड आधी उलट्या बाजूनं दाखवायचे. नवऱ्या मुलीची आई शालूच्या काठावर डोळे लावून बसलेली असायची आणि हे तिला मागचे सुटलेले धागे दाखवत बसायचे. “सुलटी बाजू समद्यांचीच चांगली असती,” म्हणायचे. ओतूरच्या पेठेत त्यांच्या दुकानाला लागूनच माझं शिवणकामाचं दुकान होतं. हे वाक्य मी इतकं ऐकलं, की मशीनवर बसल्या बसल्या त्यांच्या आधी मीच ते पुटपुटायची. शालू खपायचा तो खपायचाच.

काकांचे पूर्वज कधीतरी मारवाडातून आलेले, पण बोलायला काका आमच्यातलेच. उजवा पाय लहानपणी पोलिओनं बारीक झालेला. ब्रेक दाबण्यापुरता तो चालायचा, किक मारणं त्याला जमायचं नाही. म्हणून बटणावर सुरू होणाऱ्या मोटारसायकली आपल्याकडे दिसायला लागल्या तशी त्यांनी एक जुनी का होईना, पण घेतली. तोवर लग्नाच्या बस्त्याचे नमुने घेऊन कुठं जायचं, तर मुलगा मोकळा आहे का, एसटी कधी आहे, असं प्रत्येकाच्या तोंडाकडे बघावं लागायचं. गाडी आली आणि काका सुटलेच. येडगावला जाऊन येतो म्हणून निघायचे ते पार निरगुडसरपर्यंत हिंडून यायचे. फक्त सूर्य मावळायच्या आत घरी, कारण त्यानंतर ते जेवत नसत.

एका पाडव्याला त्यांनी गाडी स्वतः रंगवायला घेतली. दुसरा कुणी असता तर दिसतं तेवढं रंगवून मोकळा झाला असता. काकांनी एकूण एक बोल्ट सोडवला आणि त्याच्या खालची जागाही काळ्या रंगानं भरली. “गंज आधी आतच धरतो,” असं वर मलाच ऐकवलं.

आषाढात गाडीनं नाटकं सुरू केली. बटण दाबलं की नुसतं ‘टक’ व्हायचं, दिवा मंद व्हायचा आणि पुढे काही नाही. धक्का दिला की मात्र ती सुरू व्हायची. सुरुवातीला स्टँडवरचे लोक आपण होऊन धावत आले. पुढे पुढे काका दिसले की एकमेकांना कोपरानं ढोसून हसायला लागले. काकांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी बाहेर जाणंच कमी केलं. मला फार वाईट वाटायचं. थोरला मुलगा सुभाष म्हणाला, आता ही विकू, तुम्ही गल्ल्यावर बसा, वय झालं. त्याचं चुकत होतं असं नाही, त्याला काळजी होती. जुन्नरचं एक गिऱ्हाईकही त्यानं बघून ठेवलं.

बॅटरी नवी आणून झाली होती. मग गाडीची स्टार्टर मोटर काढून नारायणगावला बबनरावांकडे नव्यानं तार भरायला दिली. ती बसवली, तरी ‘टक’च. तेव्हा काकांचा तोल गेला. सुभाषला घेऊन ते नारायणगावला गेले आणि भरल्या दुकानात बबनरावांना म्हणाले, की तुम्ही जुनीच तार घातली. मी नवीच घातली, एवढंच बबनराव म्हणाले. सुभाषनं हे सांगितलं तेव्हा मला खरं वाटेना. काकांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

जैनांचं उपासाचं पर्व, पर्युषण आलं. त्या दिवसांत काका दुपारी दुकान बंद ठेवायचे. एका दुपारी ते पाटावर पाय पसरून गाडीशेजारी बसले आणि माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे, बोलायला लागले. बॅटरी चांगली आहे. मोटर बबनरावांच्या टेबलावर गरागरा फिरली होती. “दोन्ही मानसं चांगली हायेत. मंग मधला निरोप्याच खोटा.” बॅटरीची एक वायर गाडीच्या सांगाड्याला बोल्टनं आवळलेली असते, तिला अर्थिंग म्हणतात. काकांनी एक जाड वायर घेतली, बॅटरीच्या त्याच टोकापासून थेट इंजिनाच्या अंगाला टेकवली आणि बटण दाबलं. गाडी धडधडायला लागली. मी मशीन सोडून बाहेर पळत आले.

मग त्यांनी अर्थिंगचा बोल्ट सोडवला. त्याच्याखाली पाडव्याचा काळा रंग, गुळगुळीत. रंगातून वीज जात नाही; सुरुवातीला ती बोल्टच्या आट्यांतून जेमतेम जात असणार. पावसात आटे गंजले आणि तीही वाट बंद झाली. काकांनी पॉलिश पेपरनं जागा लख्ख घासली, बोल्ट आवळला. पहिल्याच बटणाला गाडी सुरू. मी हसत होते. काका हसत नव्हते.

“सुमन, ह्यो रंग माझ्या हातचा हाय.”

मी म्हटलं, काका, बोल्ट आवळलाय तसं तोंडही आवळा. सुभाषला कळलं तर म्हणेल, बाबांना आता काय केलं ते आठवत नाही, आणि उद्याच गाडी विकेल. काकांनी पान्हा पुसून पिशवीत ठेवला.

संवत्सरीला जैन लोक वर्षभराच्या चुकांची एकमेकांकडे क्षमा मागतात. काकांचा त्या दिवशी उपास होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं करायच्या आधीच ते गाडी काढून निघाले. मला मशीनच्या सुया आणायच्या होत्या, मीही मागं बसले. नारायणगावात बबनरावांचं दुकान अजून रिकामं होतं. काका बाकावर बसून राहिले. चार माणसं जमल्यावर उठले, हात जोडले, “मिच्छामि दुक्कडम्” म्हणाले आणि बोल्टखालच्या रंगाची सगळी हकिकत मोठ्यानं सांगितली.

बबनराव अवघडून उभे राहिले. “शेठ, तुमी बोलला नसता तर मला कळलं बी नसतं.”

“म्हनून तर आलो,” काका म्हणाले.

परत आलो तेव्हा सुभाष दुकानाच्या पायरीवर उभा होता. काकांनी गाडीवरून उतरायच्या आधीच त्यालाही सगळं सांगून टाकलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग पुढं झाला आणि गाडीची किल्ली काढून घेतली. संपलं, असं मला वाटलं. काकांनाही वाटलं असणार, कारण ते खाली बघत उतरले. सुभाषनं त्यांना हात देऊन पायरीवर चढवलं, किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातली आणि म्हणाला, “बाबा, आधी पारणं करा. जुन्नरच्या मानसाला मी न्हाई म्हनून सांगतो.”

काका त्यानंतर बरीच वर्षं गावोगाव हिंडले. ते अंथरुणाला खिळेपर्यंत ती किल्ली पुन्हा कुणी मागितली नाही.