जयवंतीताईंचा सोमवारचा श्वास

जयवंतीताईंचं काम म्हणजे लोकांच्या कानाशी ओरडणं. थट्टा नाही, खरंच सांगतो. फुप्फुसांची ताकद मोजायचं हातात मावणारं यंत्र पिशवीत घालून त्या वटारपासून चिंचोटीपर्यंत घरोघर फिरतात. माणसाला खुर्चीत ताठ बसवायचं, नाकाला चिमटा लावायचा, तोंडात पुठ्ठ्याची नळी द्यायची, छाती भरून श्वास घ्यायला लावायचा आणि मग ओरडायचं, "सोडा, सोडा, अजून, अजून, थांबायचं नाही, अजून." माणूस लालबुंद होतो. त्याला वाटतं, सगळा वारा संपला. पण खरी मोजण्यासारखी हवा त्यानंतर येते. न ओरडता घेतलेली चाचणी आम्ही धरतच नाही, कारण आपणहून पूर्ण श्वास सोडणारा माणूस मला तरी अजून दिसलेला नाही.

मी दिनानाथ. फुप्फुसांच्या या सर्वेक्षणाच्या वसईच्या कार्यालयात बसून आलेले फॉर्म तपासतो. सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्या, निवृत्तीनंतरही खोड गेली नाही. आमचा प्रश्न साधा आहे: जन्मात बिडीला हात न लावलेल्या बायकांना पन्नाशीत जिना चढताना धाप का लागते? क्षय नाही, दमा म्हणावा तर औषधाने पूर्ण उतरत नाही. दवाखान्यात "वय झालं" म्हणतात आणि घरी पाठवतात. श्रीमंत देशांनी आपल्या सिगारेटवाल्यांच्या छात्या मोजून कपाटं भरली. आमच्याकडे चुलीपुढे जन्म काढलेल्या बायांची छाती मोजायला कुणाला सवड नव्हती. उशिरा का होईना, ते काम सुरू झालं आणि ते जयवंतीताईंच्या गळ्यावर चाललं होतं.

ताईंचं वय चौपन्न. माहेर कामणजवळच्या भातशेतीच्या गावातलं, लग्नानंतर तुळिंजला आल्या. आधी बालवाडीत शिकवायच्या, तिथेच आवाज तयार झाला. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी अनुष्का बंगळुरूला, तिचा फोन रविवारी. आई चुलीपुढे खोकत खोकत गेली, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते फॉर्मवर लिहायची जागा शोधली, सापडली नाही, म्हणून सोडून दिलं.

आता सोमवारचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं. यंत्र बिघडलं आहे की नाही हे कळायला आमची एक जुनी रीत आहे. एक निरोगी माणूस ठरवून ठेवायचा आणि दर सोमवारी त्याने त्याच यंत्रात फुंकायचं. निरोगी माणसाची छाती आठवड्याला बदलत नाही, म्हणून आकडा हलला तर दोष यंत्राचा. आमचा निरोगी माणूस जयवंतीताई. एका श्वासात बाहेर पडणारी सगळी हवा दोन लिटर आणि वर तीनशे मिली. दोन वर्षं तो आकडा जागचा हलला नाही. मी त्यांना "आमचं वजनमाप" म्हणायचो, आणि त्यांना ते आवडायचं. दुकानदार तरी मापाला इतका जपत नसेल, म्हणायच्या.

तेव्हा त्यांच्या जोडीला हंसा होती. सोमवारी दोघी कार्यालयात यायच्या, आधी चहा, मग फुंकणं. मग हंसाची डहाणूच्या केंद्रावर बदली झाली आणि सगळा पट्टा एकट्या ताईंकडे आला. वसईपर्यंत येण्यात अर्धा दिवस जातो म्हणून मीच सांगितलं, सोमवारचं घरीच उरका, फॉर्मचा फोटो पाठवा. माझ्या डोक्यातून आलेली ही सोय.

जूनमध्ये आकडा एकवीसशेवर आला. ऑगस्टमध्ये दोन हजार. मी फोन केला तेव्हा त्या ठामपणे म्हणाल्या, यंत्र बिघडलंय. तीन लिटर हवा भरून ढकलायची पिचकारी असते, त्या पिचकारीने तपासायला लावलं, तर यंत्र तीनचे तीन दाखवतं. तरी त्यांचं म्हणणं तेच. शेवटी यंत्र मुंबईला पाठवलं. दहा दिवसांनी परत आलं, ठणठणीत.

मग सप्टेंबरअखेर मी दुसरा फोन केला. म्हटलं, "यंत्र ठीक आहे, ताई. आता तुम्ही तुमचीच तपासणी करून घ्या." जेवायच्या सुट्टीत, डबा उघडता उघडता. त्या "बरं" म्हणाल्या. मला वाटलं, काम झालं.

पुढचे पाच आठवडे त्यांनी काय केलं, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. डॉक्टरकडे त्या गेल्या नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी पायऱ्या मोजत चढायला लागल्या आणि बाराव्या पायरीवर थांबून छातीला कान लावल्यासारखं ऐकायला लागल्या. धाप लागत होती की भीती, हे त्यांना कळेना. आजारी बायकांचे जुने आकडे काढून त्यांनी आपला आकडा त्यांच्या शेजारी ठेवून पाहिला. अनुष्काला सांगितलं नाही. सांगून ती काय करणार, रडणार आणि विमानाची तिकिटं बघणार. निरोगी नसलेल्या माणसाला आम्ही माप म्हणून ठेवत नाही, आणि धाप लागणाऱ्या बाईला उन्हातान्हात कोण पाठवील? काम गेलं तर दिवसभरात कानावर पडणारा माणसाचा आवाजही जाणार होता. त्यांना आजारापेक्षा त्याचं भय जास्त होतं. संध्याकाळी घरी आल्या की टीव्ही लावून ठेवायच्या, बघायच्या नाहीत, नुसता बोलत राहावा म्हणून.

सोमवारी मात्र चुकल्या नाहीत. पलंगावर बसून, नाकाला चिमटा लावून फुंकायच्या, आणि जो येईल तो आकडा लिहून पाठवायच्या. एकोणीसशे ऐंशी. एकोणीसशे चाळीस. खोटं लिहिलं असतं तर मला कळलंही नसतं. त्यांच्या मनात आलं नसेल असं नाही, पण त्यांनी लिहिलं नाही.

नोव्हेंबरात वटारला रोझलिनबाईंची तिसऱ्या वर्षाची चाचणी होती. रोझलिनबाई सत्तरीच्या, वाडीतल्या घरात आता एकट्याच. नवरा क्लेमेंट गेल्या वर्षी गेला. अंघोळीचं पाणी अजून झावळ्यांवर तापवतात, गीझर आहे तरी. दोन वर्षं चाचणी दिल्यामुळे त्यांना सगळं पाठ. त्यांनी तीनदा फुंकलं, आकडा गेल्या वर्षीपेक्षा थोडा उतरलेला. तो लिहिताना ताईंचा हात थांबला. बाईंनी विचारलं, काय झालं, माझं वाईट आलं का? ताई नाही म्हणाल्या, आणि मग त्यांच्या तोंडून निघून गेलं की वाईट माझंच येतंय. पाच महिने पोटात ठेवलेलं त्यांनी एका सर्वेक्षणातल्या बाईला सांगितलं. नियमाप्रमाणे ही घोडचूक.

रोझलिनबाईंनी फार काही विचारलं नाही. खुर्ची रिकामी केली आणि म्हणाल्या, "बस. माज्यासमोर फुंक."

ताईंनी नवी नळी लावली. त्यांना वाटलं, म्हातारीचं मन राखावं. श्वास भरला, सोडला, आणि दर सोमवारी घरी थांबायच्या तिथे थांबायला आल्या. तेवढ्यात बाईंनी कानाशी तोंड आणलं आणि ओरडायला लागल्या, दोन वर्षं ताईंकडून ऐकलेलं सगळं, त्याच चालीवर. "सोड, सोड, अजून, थांबू नको बाय, अजून." शेजारची सून धावत ओट्यावर आली. ताईंना आधी हसू आलं, मग रडू, आणि ती फुंक वाया गेली. दुसरी नीट झाली. बावीसशे साठ. तिसरी तेवीसशे दहा.

ताईंनी तिथूनच मला फोन केला. आकडा सांगितला, आणि बाई कशा ओरडल्या तेही. मी समोरचे फॉर्म उघडले. आकड्यांच्या शेजारी एक रकाना असतो, "चाचणी घेणाऱ्याचे नाव". दोन वर्षं तिथे हंसा, हंसा, हंसा. जूनपासून प्रत्येक सोमवारी ताईंच्या गोल अक्षरात लिहिलेलं, "स्वतः". आकडा घसरला म्हणून मी यंत्र मुंबईपर्यंत पाठवलं, आणि तो रकाना दर आठवड्याला बरोबरची खूण करून पुढे सरकवला. पस्तीस वर्षं चुका काढलेल्या माणसाच्या नाकासमोरची चूक. मला माझी लाज वाटली.

मी त्यांना म्हटलं, ताई, तुम्ही साऱ्या तालुक्याला सांगता की ओरडणारा नसेल तर चाचणी धरायची नाही, मग स्वतःची कशी धरलीत? त्या म्हणाल्या, आपल्यालाही कुणी लागेल, हे डोक्यातच आलं नाही.

मग म्हणाल्या, "हंसा डहाणूला गेल्यापासून मला कुनी अजून म्हटलंच नव्हतं, भाऊ. जेवताना तर आई गेल्यापासून नाही."

माझ्या डब्यातली भाजीही मीच वाढून घेतलेली होती. मी विचारलं, रोझलिनबाई शेजारी आहेत का? आहेत, म्हणाल्या, ताट वाढतायत. मग मी कोरा फॉर्म पुढे ओढला आणि चाचणी घेणाऱ्याच्या रकान्यात रोझलिनबाईंचं नाव लिहिलं. नियमात बसत नव्हतं. पुढच्या सोमवारी सकाळी सातला मी तुळिंजला त्यांच्या दारात उभा होतो, आणि मला ओरडता येतं की नाही, याची माझी मलाच खात्री नव्हती.