लंकाबाईची दुसरी ओळ

कानिफनाथचा मला अजून राग येतो. तरी त्याच्यासारखा कान राहुरी तालुक्यात दुसऱ्या कुणाला नाही, हेही खरं. देवळाली प्रवरात दूध डेअरीच्या माडीवर त्याचा स्टुडिओ. गिऱ्हाईक म्हणतं, "सगळंच वाढव." हा म्हणतो, "सगळेच वरडले तर ऐकायचं कुनी?" ढोलकी खाली घेतो, पेटी खाली घेतो, आणि वर मोकळी जागा ठेवतो.

लंकाबाई पाथर्डीकडची, तीस वर्षं इकडे ऊसतोडीला येणारी. तिच्या गळ्यातली गाठ काढायची होती. आवाज बहुतेक राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून पुण्याला दवाखान्यात जाता जाता तिचा पुतण्या, डीजेवाला सूर्यभान, तिला गाणं भरून घ्यायला घेऊन आला.

तिची गाण्याची रीत उसाच्या फडातली. पहिली ओळ कोयता चालवताना स्वतःशी, आणि दुसरी पलीकडच्या उसाच्या ओळीतल्या बायांना हाक मारावी तशी. ती हाक धरूनच कानिफनाथने गेन, म्हणजे माईकचा आवाज आत घ्यायचं बटण, खाली ठेवलं.

"अर्धा मीटर रिकामा हाय की," सूर्यभान आवाजाच्या काट्याकडे बघत कुरकुरला.

"ती जागा तुज्या चुलतीच्या दुसऱ्या ओळीची हाय. हात लावू नको."

मी पेटीवर होतो. गाणं सुरू होताच माझा माईक घसरला आणि मी खुणेनं कानिफनाथला आत बोलावलं. गाणं थांबू नये म्हणून तो स्टँड धरून तिथंच बसला. बाहेर सूर्यभानने गेनचं बटण वर फिरवलं. लाल दिवा पेटला की आवाज दमदार, ही त्याची डीजेची अक्कल. गाणं संपलं तेव्हा पुण्याची गाडी खाली हॉर्न देत होती. लंकाबाई गेली, आणि भरलेलं गाणं ऐकून बघायचं राहिलं. एवढा कानाचा माणूस, आणि एवढं चुकावं?

दुसऱ्या दिवशी ट्रॅक उघडले. पहिल्या ओळी स्वच्छ. प्रत्येक दुसरी ओळ, हाकेची, चरचरून फाटलेली.

"मग आवाज कमी कर की," सूर्यभान म्हणाला.

"फाटलेलं लुगडं घडी घालून ठिवलं म्हंजी शिवलं जातंय व्हय?"

"तेवढ्या ओळी माजी बायको म्हनंल. कुनाला कळतंय?"

कानिफनाथने त्याला दंड धरून जिन्यापर्यंत नेला. मला बरं वाटलं, पण मी काही कमी गुन्हेगार नव्हतो. हातानं माईक सावरला असता तर काय बिघडलं असतं?

महिन्याने लंकाबाई सूर्यभानबरोबर आली, गळ्याला रुमाल बांधून. बोलली की नुसती हवा निघत होती. कानिफनाथने गाणं लावलं. फाटलेल्या ओळी त्यानं काढल्या होत्या. तिथं फक्त पेटी आणि ढोलकी होती. पहिली ओळ आली, ती हसली. मग रिकामी जागा आली. तिचं तोंड उघडलं, मान ताणली गेली, आवाज निघाला नाही.

ती कानिफनाथच्या कानाशी वाकली.

"दुसरी ओळ कुटं हाय माजी?"

आम्ही तिघंही तिथंच होतो.