मार्गारेटचा डबा

साबुदाण्याचा डबा उघडला की मला अजून भाजलेल्या बार्लीचा वास येतो. मुलगी म्हणते, "आई, कसलाही वास येत नाहीये." पण तो डबा मूळचा मार्गारेटचा.

साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये ती माझ्याबरोबर लॅबमध्ये होती. ती मॉर्मन, म्हणजे ख्रिश्चनांतल्या एका पंथाची, त्यामुळे चहा-कॉफी वर्ज्य. म्हणून आमच्या घरच्या किचनमध्ये तिच्यासाठी या डब्यात भाजलेल्या बार्लीची पावडर ठेवलेली असायची, कॉफीऐवजी प्यायला.

शहाऐंशी साल असेल. एका शनिवारी दुपारी ती एका लेखाची फोटोकॉपी घेऊन घरी आली. लिहिणारा त्यांच्याच पंथातला, इतिहासाचा प्राध्यापक. पंथाच्या संस्थापकाला अनेक बायका होत्या, हे त्याने जुन्या कागदपत्रांवरून दाखवलं होतं. मार्गारेटला हे चर्चमध्ये कुणीच सांगितलं नव्हतं.

"तिथल्या मोठ्या लोकांना विचारलं, तर म्हणाले, असलं वाचू नकोस," ती म्हणाली. "पण मी रोज रिपोर्ट तपासते. पुरावा कसा असतो ते मला कळतं. हे खरं आहे."

मी तिला चिडवायला म्हटलं, "मग आज चहा घे." आणि आल्याच्या चहाचा कप तिच्यापुढे ठेवला.

तिने तो अलगद माझ्याकडे सरकवला. "त्याचा चहाशी काय संबंध?" म्हणाली, आणि स्वतःच उठून हा डबा काढला.

तेव्हा मला तिची कीवच आली. एवढी शिकलेली बाई, आणि अशी कशी?

हे गेले त्याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हापासून देवावर माझा विश्वास नाही, आणि तसं मी मुलांना स्पष्ट सांगितलंय.

उद्या संकष्टी, माझा उपास. मी साबुदाणा भिजत घातला आणि डबा जागेवर ठेवून दिला.