तिप्पट करायचं असतं

परवा नातीने शाईची दौत उघडली. तो वास आला आणि मी थेट साठ सालच्या आसपासच्या बेंगळुरात, परीक्षेच्या हॉलबाहेर जाऊन उभा राहिलो. एम. ए.ला संस्कृत घ्यायचं, तरी प्रवेशाआधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागे. शेजारी माझा मित्र वेंकोबा. माझ्या संस्कृतातल्या चुका आजवर तोच सुधारत आलेला; इंग्रजी मात्र त्याला भिववायची.

“अण्णा, पेपरात प्रेसी येते म्हणे. ती काय असते?”

उताऱ्याचा सारांश काढून तो एक तृतीयांश करायचा, एवढंच सांगायचं होतं. पण माझी जीभ सरळ चालेल तर ना! “उतारा तिप्पट करायचा असतो,” मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो.

तो उजळलाच. “म्हणजे सूत्रावर भाष्य! सरी, सरी, समजलं. हे तर आपलंच काम.”

जरा गंमत बघून खरं सांगू, असं मनात होतं. तेवढ्यात घंटा झाली. आत त्याने पुरवणी मागितली, मग दुसरी. दोरा बांधताना माझ्याकडे बघून त्याने कृतज्ञतेने मान हलवली. मी रुमालात तोंड खुपसून हसत होतो.

यादी लागली. माझं नाव होतं, त्याचं नव्हतं. यादीवरून तो दोनदा बोट फिरवत गेला.

“स्वल्प जास्तच लिहिलं वाटतं, अण्णा.”

“असेल,” मी म्हणालो.

खरं तेव्हा एका ओळीत सांगता आलं असतं. आज लिहायला बसलो, तर तिप्पट झालं.