कुवेतची तयारी

मी पालघरला कॉलेजात जायला लागलो, तेव्हा बोईसर स्टेशनावर जवळच्या दांडी गावचा एक कोळी दिसे. नाव मी कधी विचारलं नाही. कुवेतला बोटीवर नोकरी लागली होती, म्हणून नवे बूट घालून तो फलाटावर चालायचा सराव करी.

"कालेजवाले, हसू नका. तिकडं अनवानी चालत नाय."

एकदा मी विचारलं, "घरी कोण?"

"बायको, पोरगी. पोरगी माज्याच कुशीत झोपते. म्हनून हल्ली मी किनाऱ्यावर होडीत झोपतो. तिला आताच सवय व्हाया पायजे. हाका मारून रडते, होडीपातूर आयकू येतं."

पुढच्या आठवड्यात तो पेटी घेऊन बाकावर बसलेला दिसला; कुवेतला निघायचा दिवस होता.

"काल नाय रडली," तो म्हणाला.

"बरं झालं की," मी मनापासून म्हणालो.

त्याची मुंबईची गाडी आली. तो उठला नाही.