शाडूचा माउस

मी घरी बसून पुस्तकांची पानं लावते. लेखकानं लिहिलेलं आणि कुणीतरी तपासलेलं सगळं कॉम्प्युटरवर घेऊन छापता येईल अशा पानांत बसवायचं, हे माझं काम. चारकोपच्या आमच्या घरात खिडकीपाशी टेबल आहे. तिथं अठरा वर्षं, दिवसाचे नऊ-दहा तास, माझा उजवा हात माउसवर असतो.

एका सकाळी पोहे परतताना त्या हातातून कालथा सुटला आणि सासऱ्यांच्या पायावर पडला. सासरे तेव्हा एकोणऐंशीचे होते. त्यांनी पायाकडे बघितलंच नाही, माझ्या हाताकडे बघितलं.

"खंय दुखता?"

"मनगटात. आणि अंगठ्याच्या बुडाशी."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

तेव्हा होळी होऊन गेली होती.

सासरे मूळचे मालवणकडचे. उमेदीची सगळी वर्षं मिलमध्ये मागावर काढली. एरवी आमच्याशी मुंबईचं मराठी बोलतात, पण काळजी वाटली किंवा राग आला की मालवणीत शिरतात. त्या दिवशी डॉक्टरकडे जाईपर्यंत मालवणीतच बोलत होते.

डॉक्टरनं हात दाबला, वाकवला, मुठी करायला लावल्या. म्हणाला, "गोळ्या देतो, पण गोळ्यांनी काही होणार नाही. माउस बदला. हाताला आरामात बसेल असा घ्या." आणि का कोण जाणे, गोळ्यांच्या खाली त्यानं तेही कागदावर इंग्रजीत लिहून दिलं.

खाली मेडिकलवाल्यानं कागद वाचला, गोळ्या काढल्या, आत गेला आणि उंदीर पकडायचं गमचं पॅड घेऊन आला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"डॉक्टरनी लिहिलंय ना, माउस." त्यानं कागदावर बोट ठेवलं. "कम्फर्टेबलवाला नाही भेटणार ताई. हाच चालतो सगळीकडे."

मी कॉम्प्युटरचा माउस कसा असतो ते हवेत हात फिरवून दाखवायला लागले. तेवढ्यात दुखलं म्हणून ओरडले. ते बघून त्यानं अत्यंत गंभीरपणे विचारलं, "चावला काय?"

माउस आणायचं काम नवऱ्यानं अंगावर घेतलं. तो विम्याच्या ऑफिसात आहे आणि लोकांचे अभिप्राय वाचल्याशिवाय टूथब्रशसुद्धा घेत नाही. तीन संध्याकाळी बसून त्यानं शेकडो अनोळखी माणसांचे अनुभव वाचले. त्यातल्या एकाचाही हात माझा नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

पहिला आला तो उभा होता. हात मिळवल्यासारखा तो धरायचा. दिवसभर एका न बोलणाऱ्या पाहुण्याशी हात मिळवत बसल्यासारखं वाटे, आणि चार वाजता खांदा दुखायला लागे. दुसऱ्याला अंगठ्याशी एक निळी गोटी होती. माउस हलवायचा नाही, गोटी फिरवायची. ती दुसऱ्याच दिवशी निसटली आणि फ्रिजखाली गेली. आम्ही फ्रिज हलवला, तर तिथं गोटी नव्हती, तीन वर्षांपूर्वी हरवलेलं माझं कानातलं होतं. गोटी आजपर्यंत सापडली नाही. तिसरा इतका मोठा होता, की त्यावर हात ठेवला की माझी बोटं बटणांपर्यंत पोचतच नसत. नवरा म्हणाला, "अगं, रिव्ह्यू झकास आहेत. तू जरा हात ताण ना."

सासरे हे सगळं सोफ्यावरून बघत होते. तिसरा माउस डब्यात परत गेला तेव्हा उठून टेबलापाशी आले.

"हातात न धरता वस्तू मागवतात?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"बाबा, आता सगळं असंच येतं."

"आमच्या खात्यात धोटो हातात घेऊन बघितल्याशिवाय कोण घेय नाय." धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन पळतो तो लाकडी नळा, हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकवण्यात आलं होतं. "माउस शोधताय तुम्ही. आधी हात शोधा."

दुसऱ्या दिवशी ते गणपतीच्या कारखान्यात जाऊन पिशवीभर शाडूची माती घेऊन आले. लहानपणी गावात त्यांनी मूर्ती बनवणाऱ्यांच्या हाताखाली काम केलेलं होतं, त्यामुळे माती कशी मळायची ते त्यांना ठाऊक होतं. लाडवाच्या दुप्पट आकाराचा गोळा त्यांनी माझ्यापुढे ताटलीत ठेवला.

"ह्याच्यावर हात ठेव. धरू नको, नुसता ठेव. आणि विचार करू नको. विचार केलंस की मूठ आवळता."

मी हात ठेवला. ते घड्याळ घेऊन समोर बसले. पाच मिनिटांनी प्रकाशकाचा फोन आला. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव अजून मोठं हवं होतं, आधी दोनदा केलं होतं त्यापेक्षाही मोठं. मी डाव्या हातानं फोन धरून "हो सर, करते सर" म्हणत होते. फोन ठेवून बघते तर मातीत चार खोल खड्डे.

सासऱ्यांनी गोळा उचलून उजेडात धरला. "ह्यो तुझो हात न्हय. ह्यो तुझो राग."

दुसऱ्या वेळी मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, तेव्हा गोळा एका बाजूला कलला. तिसऱ्या वेळी नवरा मध्येच येऊन म्हणाला, "हे काय चाललंय यार?" आणि मी हसले, म्हणून तो गोळा सासऱ्यांनी मोडून टाकला. हसतानाचा हात कामाचा नाही म्हणाले. चौथ्या वेळी दुपारी जेवण झाल्यावर मी खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी काढली. जागी झाले तेव्हा ते माझं मनगट दोन बोटांनी अलगद उचलत होते. खाली मातीत एक बसका, डावीकडे जरासा उंच आणि मागे गोल असा आकार उरला होता. मी त्यावर पुन्हा हात ठेवला. खरं सांगते, मला रडू यायचं बाकी होतं. इतकी सुखाची वस्तू माझ्या हाताखाली कधीच आली नव्हती.

"आता चल," ते म्हणाले. "ह्याचा भाऊ शोधू."

गोळा दोन दिवस सुकवून, फडक्यात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात ठेवून आम्ही रिक्षानं बोरिवलीला गेलो. तिथल्या एका शॉपिंग सेंटरमध्ये पहिल्या मजल्यावर कॉम्प्युटरच्या सामानाची दुकानं आहेत. दारात सिक्युरिटीवाल्यानं डबा थांबवला.

"इसमें क्या है?"

सासऱ्यांना खोटं बोलता येत नाही. "बहू का हाथ है."

सिक्युरिटीवाला एक पाऊल मागे सरला. त्यानं माझे दोन्ही हात मोजून घेतले, मग डबा उघडायला लावला. फडकं बाजूला केल्यावर शाडूचा करडा, गोलसर गोळा बघून त्याचा चेहरा पालटला. पटकन चपला काढून त्यानं हात जोडले.

"नहीं नहीं, ये माउस है," मी म्हटलं.

"मूषक महाराज!" तो म्हणाला, आणि पुन्हा हात जोडले. डबा मशीनमधून न्यायला त्यानं साफ नकार दिला. मागच्या लोकांना थांबवून त्यानं आम्हाला बाजूच्या वाटेनं आत सोडलं. दोन बायकांनी येता येता डब्याला हात लावून कपाळाला लावला. सासरे म्हणाले, "समजावत बसू नको. उशीर होईल."

दुकानदार पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा माणूस होता. काउंटरवर कॉम्प्युटरपुढे बसून बिलं करत होता. सासऱ्यांनी काचेवर फडकं अंथरलं, त्यावर गोळा ठेवला आणि म्हणाले, "ह्या मापाचा माउस द्या."

दुकानदारानं गोळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काका, माउसला माप नसतं. वायरवाला की बिनवायरचा, एवढंच असतं."

"चपलेला असतं?"

"असतं."

"बांगडीला?"

"असतं ना."

"मग ह्याला का नाही?"

दुकानदार खालच्या खणातून खोके काढायला लागला.

पुढचा दीड तास माझी परीक्षा चालली. डोळे मिटायचे, दहा आकडे होईपर्यंत गोळ्यावर हात ठेवायचा, मग सासरे हाताखाली एक माउस सरकवणार. मी काही बोलायचं नाही. ते फक्त माझ्या करंगळीकडे बघणार. हात अवघडला की आधी ती उठते म्हणे.

"करंगळी उठली. नापास."

"काका, हा सगळ्यात जास्त जातो."

"जाऊ दे. पुढचा."

"हा गेमिंगचा आहे. लाईट लागते आत."

"उठली. नापास."

प्रिंटरची शाई घ्यायला आलेला एक माणूस शाई विसरून थांबला आणि खोके उघडायला मदत करायला लागला. कॉलेजच्या दोन मुली येऊन माझ्या करंगळीवर नजर ठेवायला लागल्या. एका माउसवर करंगळी बराच वेळ उठली नाही, सगळ्यांनी श्वास रोखले, आणि मग ती हळूच वर आली. "अरे यार!" शाईवाला ओरडला.

बावीस माउस नापास झाले. मी डोळे उघडले. उभं राहून पाय दुखत होते, मनगट तर दुखतच होतं. कंटाळून मी काउंटरवर हात टेकला, आणि दुकानदार नेमका मागच्या कपाटाकडे वळला होता म्हणून हात त्याच्या स्वतःच्या माउसवर पडला. पिवळट पडलेला, जुना, पाठीवरचं कंपनीचं नाव झिजलेलं.

"हलू नको," सासरे म्हणाले.

सगळे वाकले. करंगळी मांजरासारखी पसरून पडली होती.

"हा विकायचा नाही!" दुकानदार खोका टाकून धावत आला. "हा दुकानाचा आहे. दुकान उघडलं तेव्हापासूनचा. कंपनीनं बनवायचा बंद केला कधीच."

"दुसरा असाच?"

"मुंबईत नाही भेटणार. काका, हात जोडतो, ह्याच्यावर नजर ठेवू नका."

सासऱ्यांनी मान डोलवली. माउसवरून माझा हात त्यांनी बाजूला केला. मला वाटलं, संपलं, आता घरी. पण ते दुकानदाराच्या हाताकडे बघत होते. त्याच्या उजव्या मनगटाला काळा पट्टा होता.

"तुमचा किती दिवस दुखतो?"

दुकानदारानं पट्टा चाचपला. "दोन वर्षं. मला वाटलं बाइकमुळे."

पिशवीत ओल्या फडक्यात थोडी माती सासऱ्यांनी बरोबर आणली होती. का आणली होती, ते मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "असावी." गोळा मळून त्यांनी दुकानदाराला स्टुलावर बसवलं. विचार करू नका म्हटल्यावर तो म्हणाला, दुकानात बसून विचार न करणं त्याला जमणार नाही. मग शाईवाल्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि दिवा घालवला. आम्ही सगळे अंधारात उभे राहिलो. बाहेर कुणीतरी "मयत झाली काय?" असं विचारून गेलं.

दिवा लावला तर मातीत आकार उमटला होता तो माझ्या दीडपट. लांब, उंच आणि अंगठ्याशी खोल. तो माणूस इतकी वर्षं माझ्या मापाच्या माउसवर पंजा आखडून बसला होता.

त्याचा माउस तिथंच होता. बावीस नापासांतला नववा. शाईवाल्यानं तो कॉम्प्युटरला जोडला आणि सासऱ्यांनी त्याच्या हाताखाली सरकवला. दुकानदारानं तो डावीकडे नेला, उजवीकडे नेला. एक क्लिक केलं. मग पडद्यावर नुसताच बाण फिरवत बराच वेळ बसून राहिला. कॉलेजच्या मुली टाळ्या वाजवायला लागल्या, त्यांना त्यानं हातानं थांबवलं.

"दोन वर्षं हा माझ्याच कपाटात पडून होता," तो म्हणाला.

मग त्यानं जुन्या माउसची वायर काढली, रुमालानं माउस पुसला, एका खोक्यात ठेवून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. त्याची पिन जुन्या पद्धतीची, गोल होती. ती माझ्या कॉम्प्युटरला लागणार नाही म्हणून शोधून एक जोडही दिला. "ताई, सांभाळा," म्हणाला. लग्नात मुलगी देताना बाप बोलतो तेवढ्याच आवाजात.

तो माउस मी आज वापरते. मनगटाचं दुखणं दोन महिन्यांत गेलं. त्याचं उजवं बटण कधीकधी दोनदा लागतं, पण मी कुणाकडे तक्रार केलेली नाही. नवऱ्यानं मात्र त्याला अजून मनातून मान्यता दिलेली नाही, कारण त्याच्याबद्दल कुणीच काही लिहिलेलं सापडत नाही.

खरा बदल सासऱ्यांच्यात झाला. महिन्याभरात दुकानदाराचा घरी फोन आला, काकांना पाठवाल का, लोक विचारायला येतात. आता मंगळवारी आणि शुक्रवारी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, मातीची बादली घेऊन बोरिवलीला जातात. काउंटरशेजारी त्यांची खुर्ची आहे. जोगेश्वरीहून एक वकील आला होता, त्याचा हात काही केल्या सैल पडेना, तेव्हा सासऱ्यांनी त्याला केस निकाली लागल्यावर या म्हणून परत पाठवलं. कुणी डाएट करून बारीक होत असेल तर त्याचा हात ते घेत नाहीत. आधी वजन थांबू दे म्हणतात. घरी येऊन जेवताना आम्हाला हातांबद्दल सांगतात, पण नाव कुणाचं घेत नाहीत. ते बाहेर बोलायचं नसतं म्हणे.

परवा शुक्रवारी घरात गॅस संपला. सिलिंडरचं पुस्तक त्यांनी कुठं ठेवलंय ते विचारायला मी दुकानात फोन केला. मागे गर्दीचा आवाज होता. फोन त्यांनीच उचलला.

"बोला. कुठला हात?"

"बाबा, मी बोलतेय."

"कुठला हात ते सांगा आधी. उजवा की डावा?"

"उजवा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मंगळवारी या. पोटभर जेवून या," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.