रुमाल सरकवला का?

कुडव्याच्या त्या गल्लीत कुणाच्याही टीव्हीचा रिमोट रुसला की लोक श्यामलालकडे धावायचे, हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. तीस वर्षं राइस मिलमध्ये वायरमन होता गडी. मोटारी आणि स्टार्टरमध्ये जन्म गेला, आणि रिटायर झाल्यावर हाती आलं काय, तर रिमोट! पण रुबाब तोच. ओट्यावर बसायचा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घ्यायचा आणि समोरच्याला पहिला प्रश्न टाकायचा, "रुमाल सरकवला का?"

कारण घरोघरी टीव्हीच्या फळीवर बाईच्या हातचा भरतकामाचा रुमाल असायचा आणि तो नेमका सेट-टॉप बॉक्सच्या तोंडावर लोंबलेला. बॉक्सचा डोळाच झाकला, तर रिमोट बिचारा काय करील? अर्धे रिमोट या एका प्रश्नातच दुरुस्त व्हायचे. माणूस ओशाळून परत जायचा आणि आतून श्यामलालची बायको रुख्मा हसायची. "काऊन जी, लोकायची इज्जत काढून राहिले?"

उरलेल्यांना तो उघडून पाही. कुणी सेल उलटे घातलेले, कुणी एक नवा नि एक जुना. कुठं स्प्रिंगवर हिरवा खार चढलेला. पॉलिश पेपरनं स्प्रिंग घासायची, जरा ताणायची, सेल जागेवर फिरवायचे. शेवटी तो समोरच्याचाच मोबाईल मागायचा. त्यातला कॅमेरा चालू करून रिमोटचं तोंड त्याच्याकडे धरायचं आणि बटण दाबायचं. नुसत्या डोळ्याला न दिसणारा उजेड मोबाईलमध्ये लुकलुकायचा. "दिसला? मंग रिमोट जिता आहे," असा निकाल लागायचा. पैसे कधी घेतले नाहीत. उलट रुख्मा चहा पाजून पाठवायची.

तीन वर्षांपूर्वी रुख्मा गेली. आणि त्याच दिवसांत गल्लीनं टीव्ही पाहणंही सोडलं. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल. रिमोट घेऊन येणार कोण? ओटा रिकामा पडला. लेक टीना रायपूरला नांदते. ती रविवारी फोन करते, "बाबा, जेवले का?" हा म्हणतो, "जेवलो." झालं, पुढच्या रविवारपर्यंत घरात माणसाचा आवाज नाही.

म्हणून त्याला टीव्ही लागायचा. पाहायला नाही हो, जेवायला! संध्याकाळी सातला ताट वाढलं की तो बॉक्स चालू करी. बातम्या असोत, भजन असो, तेलाची जाहिरात असो, कुणीतरी बोलत असलं म्हणजे घास उतरायचा. एरवी घर खायला उठायचं.

आणि मागच्या आठवड्यात नेमका त्याचाच रिमोट बंद पडला.

रुख्माचं तिसऱ्या वर्षाचं श्राद्ध झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सात वाजले, टीव्ही लावला, बटण दाबलं; पडदा निळाच्या निळा. त्यानं सेल काढून मांडीवर घासले. नवे आणले. स्प्रिंग घासली, ताणली. नवे सेलही दुपारभर उन्हात ठेवले. छे! चार दिवस त्यानं निळ्या पडद्यासमोर दोन-दोन घास खाल्ले आणि ताट झाकून ठेवलं. चार दिवसांत तोंड उतरून गेलं म्हाताऱ्याचं.

आता उरली होती कॅमेऱ्याची परीक्षा. पण श्यामलालचा मोबाईल बटणांचा, त्याला कॅमेराच नाही. आयुष्यभर समोरच्याच्या मोबाईलवर निकाल दिले. आता समोर माणूस नाही, तर मोबाईल कुठून येणार? आणि मागायला जायचं म्हणजे जिवावर आलं. ज्याच्या ओट्यावर गल्ली यायची, त्यानं रिमोट घेऊन दारोदार फिरायचं?

पाचव्या दिवशी सहाला तो समोरच्या अनुसयाबाईच्या दारात उभा राहिला. अनुसयाबाई मोबाईलमध्ये मान घालून बसलेली. तिनं वर पाहिलंच नाही. आतून तिची सून रुचिका कणकेचे हात धूत आली.

"या ना काकाजी! किती दिवसांनी आले."

"मोबाईल दे वो बाई जरासा. हे पाहाचं आहे."

रुचिकानं कॅमेरा लावला. त्यानं बटण दाबलं. मोबाईलमध्ये टिपूर पांढरा उजेड लुकलुकला.

"रिमोट तं चांगला आहे काकाजी."

"हो, जिता आहे," तो म्हणाला. आवाज काही पूर्वीसारखा निघाला नाही.

"मंग बॉक्सच बिघडला असंन. उद्या सकाळी पोरीले शाळेत सोडलं का येतो मी पाहाले. काकीच्या हातचा चहा लय पेला, आता तुमच्या हातचा पाजा." मग तो निघताना तिनं विचारलं, "जेवले का?"

"जेवलो," श्यामलाल म्हणाला. सवयीनं.

घरी येऊन त्यानं ताट वाढलं आणि सवयीनंच रिमोट उचलला. रिमोट चांगला, मग घोडं अडतं कुठं? समोर गिऱ्हाईक असतं तर आपण काय विचारलं असतं? आणि त्यानं कपाळावर हात मारला.

रुख्माचा मोराचा रुमाल! खाली जुन्या लुगड्याचं जाड अस्तर लावलेला. ती त्याची पुढची कड उचलून सेफ्टी पिन मारून ठेवायची. श्राद्धासाठी त्यानं तीन वर्षांत पहिल्यांदा तो धुतला, वाळवला, पुन्हा घातला. पिन राहिली खुंटीवर. अख्ख्या गल्लीला शहाणपण शिकवणारा माणूस!

त्यानं कड उचलली. आत लाल दिवा जळत होता. बटण दाबलं, आणि धानाच्या भावाची बातमी धाडकन घरभर बोलायला लागली.

"सापडलं वो रुख्मा!" तो मोठ्यानं म्हणाला. आतून कुणी हसलं नाही.

थोडा वेळ तो तसाच उभा राहून टीव्हीतल्या बाईच्या बातम्या ऐकत होता. पाच दिवसांनी आवाज आला होता घरात. मग त्याला उद्याची सकाळ आठवली. बॉक्स चांगला निघाला, तर रुचिका कशाला येईल?

त्यानं बटण दाबून बॉक्स बंद केला. रुमालाची कड पुन्हा डोळ्यावर सोडली, मोर सरळ केला. पिन खुंटीवरच राहू दिली. पहिला प्रश्न उद्या तिनंच विचारावा.

मग पाटावर बसून त्या चूप घरात त्यानं अख्खं ताट संपवलं, आणि हात धुऊन चहापत्ती किती आहे ते उठून पाहिलं.